इनायतभाऊंचा दात

कार्ल्याच्या भातगिरणीत वजनकाट्याआधी इनायतभाऊंचा दात लागे. पोतं उघडलं की ते चार दाणे सोलून एकेक डाव्या दाढेखाली धरत. कट्कन तुटला तर भात वाळलेलं. दबला तर पोतं परत उन्हात. ओलं भात गिरणीत घातलं की तांदळाचा चुरा होतो. वीस वर्षांत भाऊंचा शब्द कुणी मोडला नव्हता. ते म्हणत, "कान कशाला लावता? तुटायच्या आधीच दाण्याचं मन दाताला कळतं."

अडतीस सालच्या पावसाळ्यात हिरड्या पिकल्या, दात हलू लागले. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सगळे काढून कवळी बसवली. "चावाल सगळं," ते म्हणाले, "पण दाताच्या मुळाशी नसा असतात, आत जीव असतो. तो हिच्यात कुठला?" भाऊंनी ते हसण्यावारी नेलं. बायकोला, खतीजाला, मात्र बजावलं, "गिरणीत कळता कामा नये."

दिवाळीनंतर डोंगरातल्या वाडीवरची गंगी तीन पोती भात घेऊन आली. पोरांचं वर्षाचं खाणं ते. मूठभर घेऊन म्हणाली, "आबा, वाईच ओलं वाटतंय. दोन उनं देऊ का?"

भाऊंनी दाणा चावला. कट् वाजलं. दाणा तुटला की कवळीवर कवळी आपटली, काही उमगेना. दुसरा घेतला. तेच. मागे माणसं खोळंबली होती. त्यांतला कोंडाजी ओरडला, "भाऊ, दाणा चावताय का पान?" हशा पिकला.

"वाळलंय," भाऊ म्हणाले. "घाला."

"तुमी म्हंता तर आसंल," म्हणत गंगीने मूठ सोडली.

यंत्र थांबवेपर्यंत दोन पोत्यांचा चुरा झाला होता. गंगीने त्यात हात घातला. "आबा, दाणा तर वाजला की वो!"

भाऊंनी कवळी काढून तळहातावर धरली. आता कुणी हसलं नाही.

"ह्ये कवापासनं?"

"श्रावणापासून."

"मग म्या इचारलं तवाच सांगायचं हुतं," एवढंच ती बोलली आणि चुरा पोत्यात भरू लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊ गिरणीत गेले नाहीत. बोलवायलाही कुणी आलं नाही. दुपारी खतीजाने ताट वाढलं. तिसऱ्या घासाला खडा करकरला, तिला चुलीपाशी ऐकू आला.

"अहो, थुंका तो!"

"कुठला?" म्हणत भाऊ चावत राहिले.