चिंध्या पुरणारे सर

सर आमच्या रहिमतपूरच्या रानात यायचे ते फाटकं कापड मागतच. साताऱ्याला माती तपासायच्या नोकरीत होते. एस.टी.तून उतरून आले की पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी, जुनं धोतर आहे का?" गाव त्यांना चिंधी सर म्हणायचं.

त्यांना यावं लागलं ते माझ्यामुळं. विहिरीवरच्या इंजिनासाठी आणलेल्या डिझेलच्या पिंपाचं बूच मी सैल ठेवलं आणि सगळं डिझेल उसाच्या तुकड्यात मुरलं. दादांना, म्हणजे वडिलांना, मी सांगितलं, पिंप गळकं होतं. त्या तुकड्यात पुढं हरळीसुद्धा उगवेना.

सर तिथं एक चिंधी पुरायचे आणि बांधापलीकडच्या चांगल्या रानात दुसरी. "मातीतले बारीक जीव सूत खातात. इथली चिंधी कुजली की समजा, ते परत आले. तोवर शेणकाला सोडत राहा." चांगल्या रानातली कुजायची, आमची निघायची जशीच्या तशी. शेवटी दादांचा धीर सुटला. "औंदा न्हाई कुजली, तर वीटभट्टीवाल्याला माती उचलून न्हिऊ दे."

त्या खेपेला सर आजारी होते, म्हणून आईनं दिलेले तुकडे मीच पुरले. उकरायला मात्र सर आले. डिझेलच्या तुकड्यातलं कापड अखंड निघालं. दादा उठलेच.

"थांबा हो," म्हणत सरांनी दुसरं उकरलं. तेही अखंड.

"म्हंजी आख्खं रान मेलं व्हय?" दादांचा आवाज चिरकला.

सरांनी काडी ओढली. कापडाची कड वितळून गोळी झाली. "हे सूत नव्हे, टेरिलीन आहे! कुणी दिलं?"

"आवं, शेवटची बारी," आई पुटपुटली. "तुमास्नी सारखं फाटकं द्याचं बरं दिसंना. पोराच्या नव्या सदऱ्याचं उरलं व्हतं."

सर बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले. दादांनी नेसत्या धोतराचा सोगाच टरकावून दिला.

पुढच्या वेळी दोन्हीकडं हाताला नुसती जाळी लागली. दादा ती उन्हात धरून बघत राहिले. "लय झ्याक खाल्लंय रं!"

मला राहवेना. म्हणालो, "दादा, बूच मीच सैल ठेवलं होतं."

"ठावं हाय. त्याच पिंपात रोज शेणकाला कालवतुया न्हवं? थेंब गळत न्हाई."

मी मुळात अबोल. त्यानंतर एवढी वर्षं ही गोष्ट आणखी कुणाला सांगितली नव्हती. सर तेव्हा माझ्याकडं न बघता दुसऱ्या जाळीची घडी करत बसले होते, ते अजून दिसतं.

त्यांची सांगलीला बदली झाली. निरोपाला आईनं कोरं धोतर दिलं आणि वर बजावलं, "सर, ह्ये नेसायला हाय. पुरायचं न्हाई, सांगून ठिवते."