थंडीसाठी निवडलेलं ऑईल आणि एक राहिलेला हात

"दादानं थंडीसाठी म्हणून कसलंसं ताकासारखं पातळ सिंथेटिक ऑईल घातलं आणि पोराचा क्लच बर्फात बसला. सांगायला जावं तर अंगावर येतो."

हे उद्गार माझ्या धाकट्या भावाचे. दादरच्या एका कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत, त्यानं ते सगळ्यांच्या देखत काढले. मठ्ठ्याचा पेला उंच धरला, हलवून दाखवला आणि म्हणाला, "हे असं! यात मोटरसायकल चालते?" पंगत हसली. मी समोरच्याच रांगेत जिलबी घेऊन बसलो होतो. हशा ओसरल्यावर त्यानं पुढचं वाक्य टाकलं, आणि ते मात्र विनोदानं नव्हतं: "पोरगा यंदा परत त्या बर्फात निघालाय. या खंडेनवमीला ऑईलवर पहिला हात दादाचा नको."

या एका वाक्यासाठी मी हे लिहितो आहे. बाकीचं मी हसण्यावारी नेलं असतं.

पहिला हात म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. खंडेनवमीला साचे बंद करून पुसले जात, त्यांना झेंडूचे हार पडत, आणि नवं तेल घातलं जाई. आधी खात्यातला सर्वांत जुना माणूस, मग वयाच्या उतरत्या क्रमानं प्रत्येक जण त्या कुपीला हात लावी. ज्याचा हात राहिला, त्याला वर्षभर यंत्र दगा देतं, अशी समजूत होती. गिरणी गेली. वडिलांनी ती रीत घरी आणली, आधी शिवणयंत्रावर आणि पुढे माझ्या मोटरसायकलवर. त्यांच्यामागे पहिला हात माझा. मी स्वतः गिरणीच्या मेकॅनिक खात्यात आयुष्य काढलेलं आहे. हा मान मला कोणी पंगतीत वाढलेला नाही, आणि पंगतीत कोणी तो काढूनही घेऊ शकत नाही.

आता गेल्या वर्षीची हकीकत. पुतण्या नवरात्रात माझ्याकडे लालबागला आला.

"काका, मित्रांबरोबर हिमाचलात स्पितीला चाललोय. तुमची गाडी द्याल?"

"गाडी देईन. ऑईल मी निवडीन."

"काका, एका व्हिडिओत सांगितलंय की नेहमीचंच जाड ऑईल बरं असतं."

"मग सकाळी गाडी ढकलायला त्या व्हिडिओवाल्यालाच बोलाव."

तो हसला, परंतु त्यानं ऐकून घेतलं. मी त्याला डब्यावरचे आकडे समजावले. पहिला आकडा थंडीचा असतो. तो जितका लहान, तितकं ऑईल गारठ्यात वाहतं राहतं आणि इंजिन सुरू होताच वरपर्यंत पोहोचतं. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. तो कंपनीनं सांगितला आहे तोच ठेवायचा, कारण घाट चढताना इंजिन मुंबईइतकंच तापतं. म्हणून मी पंधरा-पन्नासच्या जागी दहा-पन्नास घेतलं, पूर्ण सिंथेटिक. मिनरल ऑईल थंडीत घट्ट होतं, सिंथेटिक तितकं होत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माझ्या मोटरसायकलचं इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलात असतात. क्लचच्या प्लेटा त्यात बुडून राहतात आणि तशाच बुडालेल्या स्थितीत त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. मोटारीच्या ऑईलात घसरण वाढवणारी द्रव्यं घातलेली असतात. मोटारीला ती लाभतात, कारण तिचा क्लच कोरडा असतो. इकडे मात्र प्लेटा धरतच नाहीत. म्हणून डब्यामागे ओल्या क्लचची खूण पाहिल्याशिवाय ऑईल घ्यायचं नाही. ती खूण मी दुकानात चष्मा लावून, दुकानदाराला मोठ्यानं वाचून दाखवली. माझी भावजय आता सांगत फिरते की भावोजींना दिसत नाही, त्यांनी चुकीचा डबा उचलला असेल. त्या दुकानदाराला विचारा. माझ्या वाचनाला तो कंटाळला होता.

खंडेनवमीची पूजा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली. चाळीच्या जागी टॉवर आला तेव्हापासून ती तिथेच होते, आणि दरवर्षी वॉचमन "काका, डाग नको" म्हणून डोक्यावर उभा राहतो. जुनं ऑईल मी आदल्या दिवशीच काढलं होतं. नवं ऑईल गिरणीच्या काळातल्या पांढऱ्या इनॅमलच्या मापात काढलं. ते माप काठोकाठ भरलं की माझ्या इंजिनाला नेमकं पुरतं. पहिला हात माझा, मग बायकोचा, भावजयीचा, शेवटी पुतण्याचा. माप रिकामं झालं. मी इंजिन थोडं चालवलं, बंद केलं, गाडी सरळ उभी धरायला लावली आणि इंजिनावरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेतून पाहिलं. ऑईल वरच्या रेषेला टेकलं होतं. मी ऑईल भरायचं टोपण घट्ट केलं.

तेवढ्यात धाकटा आला. माटुंग्याहून निघायला उशीर, मग परळच्या पुलावर अडकलेला. हातात पिशवी, पिशवीत त्याच्या मोटारीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला ऑईलचा डबा.

"झालं? माझा हात राहिला की रे दादा!"

"टोपणाला लाव. तेवढं पुरे."

"बापाचाच हात राहिला तर कसं व्हायचं? हे बघ, हे तुझ्यापेक्षा महाग आहे. तुझं दहा, हे शून्य. थंडीला आणखी चांगलं."

"ते मोटारीचं आहे. एक थेंब जाता कामा नये."

"तुला फक्त तुझंच खरं वाटतं."

मी नैवेद्याचं ताट आणायला लिफ्टनं वर गेलो. परत आलो तेव्हा गाडीला झेंडूचा हार चढला होता, नेमका त्या काचेवरून, आणि धाकटा रुमालाला हात पुसत होता. "लागला हात," म्हणाला. आरती सुरू झाली. तपासून बंद केलेलं टोपण मी दुसऱ्यांदा उघडत नाही. आमच्या खात्यात ती पद्धत नव्हती.

दसऱ्यानंतर लगेच गाडी रेल्वेनं चंदीगडला गेली आणि पुतण्या तिथून वर चढला. एका सकाळी त्याचा फोन आला. "काका, बाकीच्यांच्या गाड्या कुंथतायत. आपली एका दमात सुरू!" हे त्याचे शब्द, माझ्या बायकोनंही ऐकलेले. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जे म्हणतात की जुन्या गाडीला सिंथेटिक मानवत नाही, त्यांनी याचा विचार करावा. थंडीसाठी निवडलेलं ऑईल थंडीत जे करायला हवं, ते करत होतं.

पुढच्या चढावर क्लच घसरला. इंजिन ओरडत होतं आणि चाक फिरत नव्हतं. एका बाजूला दरी, रस्त्यावर गोठलेलं पाणी, आणि गाडी मागे सरकत होती. कुणाच्या तरी ट्रकमधून पोरगा आणि गाडी खाली आली. त्या रात्री माझा भाऊ जेवला नाही, हे मला माहीत आहे. मीही जेवलो नाही. परंतु पोरगा ज्या दिवशी सुखरूप घरी पोहोचला, त्या दिवसापासून धाकट्याची ही कहाणी सुरू झाली. कानावर प्रथम आली तेव्हा मी त्याला विचारलं, "टोपण उघडलं होतंस का?" तो म्हणाला, "म्हातारा झालास दादा. मी फक्त हात लावला."

पोराच्या काळजीपोटी त्यानं जे काही केलं, त्याबद्दल मी त्याला एक शब्द बोललो नसतो. पण ते माझ्या माथी मारून तो वडिलांच्या रीतीतलं माझं स्थान मागतो आहे, आणि ते मी देणार नाही. पुतण्याला या हिवाळ्यात पुन्हा तेच ऑईल लागणार आहे, त्याच आकड्यांचं, त्याच खुणेचं. त्याऐवजी बापाच्या बोलण्यावर विसंबून तो जाड मिनरल भरून निघाला, तर पहिल्याच पहाटे हिमाचलात गाडीला धक्के मारत बसेल.

म्हणून ही एकच गोष्ट सांगतो. गाडी परत आल्यावर त्याच पार्किंगमध्ये, पुतण्याला समोर उभं करून, मी इंजिनाखालचा बोल्ट काढला. वाटेत कुठेही ऑईल काढलं अथवा भरलं नव्हतं, हे तो स्वतः सांगतो. इंजिन प्रवासात थोडं ऑईल जाळतं, थोडं आत चिकटून राहतं. घातलं तेवढं सगळं कधीच बाहेर येत नाही, आणि घातल्यापेक्षा जास्त तर कोणत्याच इंजिनातून आलेलं नाही. मी एक माप घातलं होतं. तेच इनॅमलचं माप खाली धरलं. ते काठोकाठ भरलं, आणि बोल्टाच्या भोकातून ऑईल अजून येतच होतं.