कवीचं मौन आणि एका बाजूची झेरॉक्स

मंडळी, आज आमच्या गंगापूर रोडच्या वाचनगटात जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय सकाळची मिसळ पचणार नाही.

महिनाभर आम्ही एक जुनं खंडकाव्य वाचतोय. पुस्तक बाजारात मिळत नाही, म्हणून जोशीकाकांनी कुणाकडची तरी झेरॉक्स आणून सगळ्यांना प्रती काढून दिल्या. त्यात नायिका नदीकाठी एकटी रडत असते आणि पुढच्याच पानावर तिचं बाळ रांगत असतं! काका म्हणाले, "इथे कवी मौन पाळतो." त्या मौनावर आम्ही तासन्‌तास बोललो. मी तर डोळेही पुसले.

आज निफाडच्या शिंदेताई पहिल्यांदाच आल्या, सासऱ्यांचं मूळ पुस्तक घेऊन. थोडं ऐकून म्हणाल्या, "अहो, मधलं लग्न कुठं गेलं? तुमची निम्मी पानं गायब हायेत!"

काकांनी आणलेली झेरॉक्स पाठपोट होती, आमच्या प्रती मात्र एकाच बाजूच्या निघाल्या होत्या. पानांचे आकडे बघतो कोण? आम्ही अर्थ बघणारी माणसं.

ताईंनी राहिलेली पानं मोठ्याने वाचली. लग्नाची पंगत काही केल्या उठेना. शेवटी काका घसा खाकरून म्हणाले, "मला वाटतं, आपलंच काव्य जास्त चांगलं आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिंदेताईंनीसुद्धा.

पुढचं पुस्तक तत्त्वज्ञानाचं आहे, चांगलं जाडजूड. तुम्हीच सांगा, झेरॉक्स दोन्ही बाजूंची काढू की एकाच?