मोठ्यानं बोलायची सवय

"हळू बोल गं. हे काय प्रेसशॉप आहे?"

आमचे प्रोजेक्टचे सर सगळ्यांसमोर म्हणाले. निगडीतलं आमचं कॉलेज, मीटिंगची खोली. सगळे हसले. मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले.

माझा आवाज मोठाच. घरात दुसरा चालतच नाही. आम्ही लातूरकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकणला कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकायच्या खात्यात. पत्र्यावर प्रेस आदळून आदळून त्यांचे कान गेलेत. "काय म्हन्लीस?" हेच घरात दिवसभर. कॉलेजात नोकरीला लागले आणि आवाज गिळायला शिकले. अण्णांचा फोन आला की जिन्यात पळायचे.

माझं काम म्हणजे संशोधनाचा डेटा सर्व्हरवर सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. कुणीही यावं, बघावं, वापरावं. त्यातलाच एक प्रोजेक्ट चाकणच्या कामगारांच्या कानांच्या तपासणीचा. आधी तपासणीला कुणी येईचना. नोकरी जाईल म्हणून घाबरायचे. शेवटी मीच कंपनीच्या गेटवर बोंबलले, "नाव कुणाचं येणार नाही! पण आकडे सगळ्यांना दिसतील, कुणाला दडवता येणार नाहीत!" माझ्या शब्दावर आले बिचारे. सगळ्यात पुढं अण्णा.

आणि आता सर म्हणत होते, प्रोजेक्ट संपला, सर्व्हर बंद कर. ज्याला डेटा हवा त्यानं मला विचारावं, वाटलं तर देईन.

मी पुटपुटले, "सर, खुला ठेवू म्हणून सांगितलंय त्यांना."

"कोण बघतंय तो? तुझा बाप?"

परत हशा. माझी मान खाली. डोळ्यांत पाणी. आणि एकदम वाटलं, च्यायला, मला लाज कशाची वाटतेय? अण्णांच्या कानांची? ते काय अण्णांनी घालवले?

उठले. घरच्या आवाजात बोलले.

"बाप बघत नाही सर. बाप आहे त्यात!"

"आवाज खाली," सर म्हणाले.

"नाही. आणि सर्व्हरही बंद करणार नाही."

त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजांना फोन लावले. डेटा खुला आहे तोवर उतरवून घ्या, तुमच्याकडेही सगळ्यांसाठी ठेवा. एकाच्या मर्जीवर उघडणारं दार कसलं खुलं? दोन कॉलेजांनी घेतला. बाकीच्यांच्या मागे लागलेय.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत, माहीत आहे. काढू दे. सर्व्हर बंद करायला दुसरा हात शोधावा लागेल त्यांना. तोवर अण्णांचा फोन मी खुर्चीतूनच घेते. मोठ्यानं.