चैत्रातला नाताळ

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. आमच्या घराण्यात ती रीतच नाही. माझा बाप मेंढरांमागं फिरणारा. उद्या चारा कुठं मिळेल एवढं आज कळलं की स्वारी स्वतःवर खूश. परवाचं विचारलं तर अंगावर धावून यायचा. अशा घरातली मी, लग्न करून मुकुंदवाडीत आले आणि शेजार मिळाला मालनबाईचा. ही बाई भर उन्हाळ्यात, चैत्र महिन्यात, डिसेंबरातल्या नाताळाचे कपडे बेतायला बसायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिला ऊन लागलंय.

त्या वेळी चिकलठाण्याच्या बाजूला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोल्या. माझा नवरा सूर्यभान एका कारखान्यात फिटर होता. मालनबाईचा पुंडलिक दुसऱ्या कारखान्यात रखवालदार. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळं तिची पायाची मशीन चालू झाली की आमच्या फडताळातली भांडी थरथरायची. माझी सासू कस्तुराबाई म्हणायची, "लागली बाई दळायला."

मालनबाई गंगापूरकडची. तिचा आजा ख्रिस्ती झालेला, चुलते पुढं बौद्ध झाले, आणि सगळे एकाच वस्तीत नांदत होते. लहानपणी ती मिशनच्या बोर्डिंगात शिकली. नाताळाला तिथं कपड्यांचं गाठोडं यायचं. कुणीतरी वापरून झालेले, लांबून आलेले झगे. एका वर्षी तिला असा झगा मिळाला की बाह्या गुडघ्यापर्यंत. सगळ्या पोरी हसल्या. तो घालून तिला स्टेजवर गाणं म्हणायला लावलं. "दुसऱ्याच्या मापाचं कापड अंगावर आलं ना, की माणूस सोताच्याच अंगात पाहुणा व्हतो," असं ती म्हणायची.

म्हणून तिनं स्वतःशी एक गोष्ट ठरवली होती. आमच्या वाडीतल्या छोट्या चर्चमध्ये, म्हणजे पत्र्याच्या एका शेडमध्ये, नाताळाच्या दिवशी जे पोर येईल त्याच्या अंगावर नवा कपडा असेल, आणि तो त्याच्याच मापाचा असेल. पोरांच्या आयांकडून ती फक्त कापड घ्यायची, ज्यांना जमेल त्यांच्याकडून. बाकीचं कापड ती वर्षभर कटपीस गोळा करून पदरचं घालायची.

पण चैत्रातच का? मी एकदा विचारलंच. ती कात्री खाली न ठेवता म्हणाली, "लग्नसराईत तुमची झंपरं. दिवाळीत तुमच्या पोरायचे कपडे. तुमी मला सोडता व्हय? मंग माझ्या सणाचं मी कवा शिवू?"

खरी कमाल पुढंच होती. चैत्रात मापं घेऊन डिसेंबरात कपडा बसणार कसा? तोवर पोरं वाढतात. मालनबाई पोराला ओट्यावर उभं करायची, टेप लावायची, मग टेप बाजूला ठेवून त्याचं मनगट दाबून बघायची, बापाकडं बघायची, आईला विचारायची की औंदा गोवर निघून गेला का. तापातून उठलेलं पोर सपाट्यानं उंच होतं म्हणे. एवढं झाल्यावर ती समोरच्या पोराचा नव्हे, तर डिसेंबरात ते जेवढं होणार त्या अंगाचा कपडा कापायची. शिवाय शिवणीच्या आत भरपूर माया सोडायची, म्हणजे लागलं तर उसवून वाढवता येईल असं जास्तीचं कापड. काज आणि खालची पट्टी मात्र शेवटच्या आठवड्यात, हातानं. डिसेंबरात ते कपडे पोरांना असे बसायचे की मी तोंडात बोटं घालायचे. हवामानखात्याला दोन दिवसांचा पाऊस सांगता येत नाही आणि ही बाई आठ महिन्यांनंतरचं पोर सांगायची.

सासूबाईंना मात्र हे मुळीच पटत नसे. "उद्याचं कुणी बगितलंय? देवाच्या कामात नाक खुपसती," असं त्या भिंतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि मराठवाडाभर दलितांच्या वस्त्यांना आगी लागल्या. लागल्या कसल्या, लावल्या. मालनबाईच्या चुलत्यांची वस्तीही जळाली. ती सगळी माणसं चिखल तुडवत शहरात आली आणि चर्चच्या त्या शेडमध्ये उतरली. आमच्या गल्लीत नामांतराला शिव्या देणारेही होते आणि जय भीम म्हणणारेही. दोन्हीकडची दारं त्या दिवसांत लवकर लागायची.

मालनबाईची ट्रंक तेव्हा जवळजवळ भरत आली होती. वाडीतल्या प्रत्येक पोराचा कपडा तिच्यात घडी घालून ठेवलेला. तिनं ती ट्रंक पुंडलिकाच्या सायकलला बांधली आणि शेडमध्ये नेली. मी आणि सासूबाई भाकरी घेऊन मागं गेलो.

मला वाटलं होतं, ती कपडे वाटून मोकळी होईल. भिजून कुडकुडणारी पोरं, कोण माप बघतंय? पण ती जमिनीवर बसली, सुईदोरा काढला आणि एकेका पोराला पुढं घेऊन कपडा अंगावर धरून बघायला लागली. इथं उसव, तिथं टाका घाल, बाही आत दुमड. एका म्हाताऱ्यानं म्हटलं, "मालन, राहू दे की. ढगळं चालंल." तेव्हा ती भडकली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "घर गेलं, भांडी गेली, आन् आता दुसऱ्याच्या मापाचं घालायचं? माझ्या हातानं? नाय व्हायचं."

एक चिमुरडी अंगातला ओला फ्रॉक सोडायलाच तयार नव्हती. बहुतेक तेवढंच उरलं होतं तिचं. मालनबाईनं जबरदस्ती केली नाही. नवा फ्रॉक ओल्यावरूनच मापला, टाके घातले आणि तिच्या मांडीवर ठेवला. पोरीनं बराच वेळ त्याच्यावर हात फिरवला, मग स्वतःच उठून आडोशाला गेली. परत आली तेव्हा फ्रॉक असा बसला होता जणू चैत्रात तिचंच मनगट दाबून बघितलं होतं. घरी येताना सासूबाई रस्ताभर पदरानं नाक पुसत होत्या. सर्दी झाली म्हणाल्या.

ट्रंक रिकामी झाली. पाठोपाठ दिवाळीचं शिवण आलं आणि मशीन दिवसभर दुसऱ्यांसाठी चालली. दिवाळी झाली तेव्हा नाताळ तोंडावर आलेला, शेडमधली पोरंही आता वाडीतच राहणार होती, आणि मालनबाईकडं ना कापड होतं ना ते विकत आणायची ऐपत. ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. "औंदा नाय जमणार, बाना," एवढंच बोलली. ही बाई 'नाय जमणार' म्हणते हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मुलांच्या चड्ड्यांचं मी जमवलं. सूर्यभानला कारखान्यातून गणवेशाचं खाकी कापड मिळालं होतं, ते दिलं. त्यानं जुना गणवेश आणखी वर्षभर ओढला आणि मला वर्षभर ऐकवलं. गल्लीतल्या दोघीतिघींनी काही काही दिलं. पण पोरींच्या फ्रॉकला एकसारखं मोठं कापड कुठून आणायचं?

तेव्हा सासूबाई उठल्या आणि आतून एक बोचकं घेऊन आल्या. त्यात पांढरंशुभ्र नऊवारी लुगडं होतं. मी ओळखलं आणि हातातलं सूपच खाली ठेवलं. आमच्यात बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. सासूबाईंचा भाऊ कडूबा पिशोरला होता, थकलेला. "अक्का, तुझ्या आधी मी गेलो तर तुला कोण आणील?" म्हणून तो स्वतःच येऊन ते लुगडं देऊन गेला होता. सासूबाई दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

मालनबाई घाबरून मागं सरकली. "मावशी, माहेरचं लुगडं हाय हे. ह्याला मी कातर लावू? नाय बाई."

"मेल्यावर मला काय कळणार हाय काय नेसवलं ते? पोरीन्ला कळंल."

"आन् भावाला काय सांगताल?"

"सांगंन, नेसून टाकलं म्हणून."

तरी मालनबाईचा हात चालेना. खडूची रेघही न मारता कापणारी ती बाई, कात्री उघडायची आणि मिटायची. शेवटी सासूबाईंनी तिच्या हातातली कात्री ओढून घेतली, लुगड्याच्या मधोमध एक चीर दिली आणि म्हणाल्या, "घे, आता कुणाच्याच मरणाला चालत नाय ते. शिव."

नाताळाच्या सकाळी थंडी चांगलीच पडली होती. चर्चमधून पोरं सुटली आणि आमच्या गल्लीतून दंगा करत निघाली. खाकी चड्ड्यांतली पोरं पुढं, आणि मागं पांढऱ्या फ्रॉकमधल्या पोरी, वाडीतल्या आणि शेडमधल्या, कोण कुठली ते सांगता येईना. प्रत्येकीच्या अंगाला फ्रॉक जिथल्या तिथं बसलेला. मालनबाई त्यांच्यामागून येत होती, झोप न झालेल्या डोळ्यांनी. सासूबाई ओट्यावर घोंगडी पांघरून बसल्या होत्या. पोरी समोरून धावत गेल्या तशा त्यांनी माझा हात गच्च धरला.

"बाने, बग गं, बग," त्या म्हणाल्या, "माझं मराण कसं उड्या मारत चाललंय!"

आणि त्या इतक्या हसल्या की त्यांची घोंगडी खांद्यावरून खाली पडली. मालनबाई रस्त्यातच थांबली होती. तिनं येऊन ती उचलली, त्यांच्या खांद्यावर नीट पांघरली आणि त्यांच्या पायाशी बसून राहिली.