जांभळा शिक्का आणि पायी ओलांडलेल्या सीमा

पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे घड साफ करताना टेबलाखाली मणी पडत राहतात. मुद्दाम कुणी पाडत नाही, पण संध्याकाळी झाडायला घेतलं की घमेलं भरतं. किस्स्यांचंही तसंच. एकेक पडत जातो, आणि अडुसष्टाव्या वर्षी बघतो तर घमेलं शिगोशीग! आता माझ्या घमेल्यातले बरेच मणी मलाच लाज आणणारे आहेत, ही गोष्ट वेगळी. हसत सांगतो, पण कान गरम होतात.

मी बाळू. सातवी, तीही ढकलत ढकलत. पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये तीस वर्षं माल तपासला. या वयात मला बाळू म्हणणारे दोघंच उरलेत. एक नाना, निफाडकडचा द्राक्षवाला. दुसरे गुरुजी, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. आम्हा तिघांना परदेश बघायची खाज. मी अजून कामावर होतो तेव्हा नाशिकला द्वारका चौकातल्या एका टूरवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "काका, या वयात सोबत कुणीतरी तरुण माणूस लागेल."

नाना म्हणाला, "चला रे. आपण आपलं पायी जाऊ."

पायी म्हणजे सीमेपर्यंत रेल्वे, आणि सीमा तेवढी पायी. विमान नाही, टूर नाही, गाईड नाही. गाईडच्या जागी गुरुजी!

०

पहिली सीमा नेपाळची. भर दुपार, डांबर नुसतं चटके देतंय. कमान दिसली आणि माझ्या अंगात आलं.

"गुरुजी, इथून पुढे पशुपतिनाथाची हद्द. चपला हातात घ्यायच्या असतात."

"असं? हे पुस्तकात नव्हतं."

"पुस्तकात सगळं असतं का?"

गुरुजींनी चपला काढल्या, छातीशी धरल्या आणि टाचा उचलत चालू लागले. मी आणि नाना मागे पोट धरून! पण आमच्या मागे कुठलंसं एक सात-आठ जणांचं कुटुंब होतं. त्यांनी पांढऱ्या केसांचा हा माणूस अनवाणी बघितला आणि भराभर आपल्याही चपला काढल्या. बायका, पोरं, एक सुटाबुटातला जावई, सगळे!

पहाऱ्यावरचा जवान ओरडला, "ये सब क्या हो रहा है?"

गुरुजी वर्गात बोलावं तसे कडाडले, "भगवान की भूमि है! आप भी उतारिए!"

तो बिचारा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

इथपर्यंत सगळे हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही. गुरुजींच्या तळव्यांना हे एवढाले फोड आले. काठमांडूला पोचलो तेव्हा त्यांना मंदिराच्या आवारात एक पाऊल टाकवेना. ज्या देवासाठी ते चपला काढून चालले, त्याच्या दारात ते आमच्या चपला राखत बसले! वर मलाच म्हणाले, "तू बघून ये बाळू, मला सांग."

०

गुरुजींना सीमेवरच्या साहेबांची भारी धास्ती. भूतानला जाताना रेल्वेत म्हणाले, "काय विचारतील रे?" मी लगेच साहेब झालो. वरच्या बर्थवर मांडी ठोकून बसलो आणि हग्या दम देत प्रश्न झाडले. आजोबांचं गाव कोणतं? शेजारच्याशी भांडण आहे का? भूगोलाचे मास्तर आहात तर नकाशे कुणाला विकता? न्यू जलपाईगुडी येईपर्यंत गुरुजींनी चाळीस उत्तरं पाठ केली.

काउंटरवर एक गोड पोरगी होती. तिने हसून फक्त नाव विचारलं.

गुरुजींना घाम फुटला. ओठ हलले, आवाज नाही. तिने पुन्हा विचारलं. गुरुजी ताठ उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "हजर!"

छत्तीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेतलेला माणूस!

०

त्याच काउंटरवर माझा दुसरा प्रताप. गुरुजी बाकावर पाणी पीत होते, त्यामुळे नानाचा फॉर्म माझ्याकडे आला. नानाला इंग्रजी वाचता येत नाही. मलाही येत नाही, पण लग्नपत्रिका वाचून वाचून 'मॅरेज' हा शब्द पाठ झालेला. कशासाठी आलात या रकान्यात मी तो ठोकून दिला.

पोरीने वाचलं, आत जाऊन दोघांना बोलावून आणलं. सगळ्यांनी नानाशी हात मिळवले. एकाने तर गळ्यात पांढरं उपरणं घातलं! नानाला वाटलं, इथे प्रत्येकाचं असंच स्वागत करतात. तो हात जोडून सगळ्यांना सांगत होता, "लय आभारी हाय."

बाहेर आल्यावर मी हसत हसत खरं सांगितलं. नानाने उपरणं काढलं, नीट घडी घातली.

"कमलला जाऊन परवा दोन वर्षं झाली ना रे," एवढंच बोलला.

मला तारीख माहीत होती. कमलवहिनींच्या वर्षश्राद्धाला पंगतीत मीच वाढलं होतं.

०

आता नानाचा खरा ध्यास सांगतो. त्याची द्राक्षं वर्षानुवर्षं बांगलादेशला जायची. ट्रकवाले परत आले की तो त्यांना खोदून विचारायचा, तिथे काय होतं? ते सांगायचे, सीमेपलीकडे मोठं आवार आहे, आपल्या ट्रकातले क्रेट तिथे त्यांच्या ट्रकात चढवतात, आणि चढवणारी माणसं एखादा घड बाजूला ठेवून चहाबरोबर खातात.

"चहाबरोबर द्राक्षं?" नानाला हे काही केल्या पटेना. "बाळ्या, मला एकदा तिथं उभं राहून बघायचंय. ज्याच्यासाठी एवढं राबलो, तो खातो कसा, ते."

नेपाळ-भूतानला मतदान कार्डावर भागलं होतं, पण यासाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. व्हिसा लागला त्या दिवशी थेट पॅकहाऊसवर आला. धोतराला हात पुसून त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि बायांना पेढे वाटायला गेला.

माझ्या टेबलावर दोन शिक्के असायचे, दोन्ही इंग्रजी अक्षरांतले. एक 'पास', एक 'रिजेक्ट'. शाई जांभळी.

मी पासपोर्टचं कोरं पान उघडलं आणि 'पास' मारला! म्हटलं, सीमेवर उघडेल, बघेल, मला दोन शिव्या घालेल, सगळे हसू. नाहीतरी तिथे शिक्केच मारतात. त्यात एक आपलाही!

त्याच हंगामात पुढे माझा 'रिजेक्ट'चा शिक्का मात्र कुठे गेला कोण जाणे. तो मी रिटायर होईपर्यंत सापडला नाही.

०

सीमेवर आमच्याच बाजूच्या साहेबांनी नानाची पानं उलटली आणि थांबले.

"ये क्या है?"

नाना पुढे वाकला. द्राक्षवाल्याला तो शिक्का ओळखायला चष्मा लागत नाही. तीस वर्षं त्याच्या प्रत्येक पेटीवर मी तोच मारत आलो होतो. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा.

"माझ्याच हातून लागला, साहेब," तो म्हणाला.

गुरुजींनी ते हिंदीत सांगितलं. साहेब चांगला माणूस होता, त्याने समजावून सांगितलं, पण असा पासपोर्ट चालत नाही. खराब झाला. नवा काढा, मग या.

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

नाना बाकावर बसला. म्हणाला, "तुम्ही जा. तुमचे पासपोर्ट चांगले हायेत."

आणि मी गेलो! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गुरुजी म्हणत होते, थांबू या. मीच म्हणालो, एवढं आलोय तर. गेलो, ते आवार बघितलं, क्रेट बघितले. एका पेटीवर माझाच जांभळा 'पास' होता. आणि खरंच, तिथे एक माणूस चहाबरोबर द्राक्षं खात होता.

संध्याकाळी परत आलो तर नाना त्याच बाकावर.

"खातात का रे चहाबरोबर?"

"दिसलं नाही," मी म्हणालो.

का खोटं बोललो, मलाही ठाऊक नाही.

०

नवा पासपोर्ट मिळवायला नानाला तालुक्याच्या किती फेऱ्या पडल्या, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मधे व्हिसाही मिळेना. मी रिटायर झालो. नानाच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. शेवटी परवा-परवा योग आला. तीच सीमा, तोच बाक, आम्ही तिघं रांगेत. नाना पुढे, मधे मी, मागे गुरुजी.

गेटला दहा-बारा माणसं उरली तेव्हा मला राहवेना.

"नाना, तो शिक्का..."

"माहितीय," नाना मागे न बघता म्हणाला.

"नाना, आणि ती द्राक्षं. खातात रे चहाबरोबर. मी बघितलं होतं."

आता तो वळला. मग पिशवीत हात घातला, आतल्या आत काहीतरी उघडझाप केली आणि म्हणाला, "हात आण."

मला वाटलं, माफ केलं, हात मिळवतोय. मी हात पुढे केला. त्याने माझा हात उताणा केला आणि तळव्यावर काहीतरी दाबलं. गार, ओलं. चष्मा माझा बॅगेत. काय ते बघेपर्यंत रांग सरकली, नानाचा नंबर लागला, पासपोर्टवर ठप्पा पडला, आणि माझा नाना पहिल्यांदा पलीकडे गेला!

माझी झडती आली. जवान म्हणाला, "हाथ ऊपर."

मी दोन्ही हात वर केले. जवान बघतच राहिला. मागचे गुरुजी बाजूने पुढे आले आणि माझा तळवा मोठ्याने वाचला, वर्गात वाचावं तसं.

"रिजेक्ट!"

अख्खी रांग खो खो हसली.

"किसने मारा ये?" जवानाने विचारलं.

गेटपलीकडे नाना दिसत होता. पाठमोरा.

"मैंने ही मारा, साहेब," मी म्हणालो.

त्याने वरच्या साहेबाला विचारेपर्यंत मला बसवून ठेवलं. त्याच बाकावर. गुरुजी माझ्यासमोरून पुढे गेले, जाताना हात वर करून 'हजर' म्हणाले.

अर्ध्या तासाने मला सोडलं. पलीकडच्या आवारात नाना उलट्या क्रेटवर बसला होता, मांडीवर घड, हातात चहा. शेजारच्या क्रेटवर आणखी एक कप ठेवलेला होता. त्यावर साय धरली होती.