किशनरावांची दोन भिंगं

किशनराव माझ्याबरोबर झरीच्या शाळेत गणित शिकवायचे. माणूस गणितात पक्का आणि हट्टात त्याहून पक्का. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी परभणीच्या एका फोटोवाल्याकडून घरी सिनेमा दाखवायच्या दोन मशिनी मागून आणल्या, तेव्हा मी म्हणालो, मास्तर, आता तंबू ठोकता की काय? ते हसले नाहीत.

त्यांचा धाकटा भाऊ आश्रुबा दोन वर्षांपूर्वी धरणाच्या कामावर पाण्यात वाहून गेला. प्रेत सापडलंच नाही. तिथल्या एका साहेबानं मजुरांचं चार मिनिटांचं रीळ काढलं होतं, त्यात आश्रुबा होता. ते साहेबानं पाठवून दिलं. आई चांगुणाबाई लेक गेल्याचं मानतच नव्हती. पण काचबिंदूनं तिची नजर चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तो येईल, पण तोवर मी आंधळी होईन, एकदा त्याचं तोंड दाखवा, एवढंच तिचं मागणं.

शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावून आम्ही भर दुपारी अंधार केला. एका मशीनचं चित्र रेखीव, मिशीचा केस न् केस दिसावा असं, पण मिणमिणतं. दुसरीचं भिंग मोठ्या तोंडाचं. उजेड लख्ख, कडा मात्र पुसट. भिंगावरचा आकडा लहान तर उजेड जास्त, हे पटायलाच आम्हाला दोन दिवस लागले. किशनराव भिंतीजवळ वर्तमानपत्र धरून कुठल्या उजेडात बारीक अक्षर वाचता येतं ते ताडून बघायचे. मला रेखीव आवडलं. ते म्हणाले, बघायचंय मायला, आपल्याला न्हाई. लख्ख ठरलं.

चांगुणाबाईला लांबून नुसता पांढरा डाग दिसला. भिंतीजवळ नेलं, तर तिचीच सावली लेकावर पडली. मग मी अक्कल पाजळली. खोलीत मधोमध धोतर टांगायला लावलं आणि म्हातारीला त्याच्या मागं, कापडाला नाक लागेल असं बसवलं.

तिला दिसलं. आश्रुबा डोक्यावरचं घमेलं उतरवून आमच्याकडे बघून हसला. तिनं त्याच्या गालावर बोट टेकवलं आणि काढून घेतलं.

"ह्यो माझा आश्रू न्हाई. त्याला डाव्या गालावर तीळ हाय. ह्याला उजव्या."

कापडामागून डावं ते उजवं दिसतं, हे आम्हा दोन मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. किशनरावांनी परोपरीनं समजावलं, तिनं ऐकलं नाही. आरशातून दाखवलं तर तीळ जागेवर येईल म्हणून मी आरसा आणायला उठलो, तर किशनरावांनी माझा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हातारी हसत होती. मला तेव्हा त्यांचा फार राग आला, खोटं कशाला बोलू?

चांगुणाबाईनं रीळ मागून घेतलं, हातानं चाचपलं आणि परत दिलं.

"गेलेला ह्योच आसंल, बाबा. ज्या मायचं लेकरू हाय, तिला नेऊन दाखव. ती बी वाट बघायली आसंल."

"व्हय माय," किशनराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.